एका खोकल्याची नोंद

माझ्या संग्रहात एक खोकला आहे. पुरुषाचा, कोरडा, एकदाच आलेला. केसरबाई केरकर मालकंस गात असतात, ख्याल भरात आलेला असतो, एक लांबलचक तान वर चढून वळायला लागते, आणि नेमकं त्या वळणावर कुणीतरी खोकतं. बाई दचकत नाहीत. अर्ध्या क्षणाचं भगदाड पडतं आणि पलीकडून तान जशीच्या तशी बाहेर येते, बोगद्यातून गाडी यावी तशी. मग सम. मग एक 'वा'. हा 'वा' म्हणणारा खोकणारा नव्हे, आवाज वेगळा आहे.

हे एवढ्या खात्रीनं सांगते, कारण त्या खोकल्यावर आम्ही आठ-दहा माणसांनी दोन वर्षं पत्रव्यवहार केलेला आहे.

आम्ही म्हणजे सांगलीचे काका, बेळगावचे एक डॉक्टर, दादरचे एक औषधदुकानदार, फोंड्याचे गणिताचे मास्तर, आणखी चार-पाच जण, आणि मी. मी पुण्यात बँकेत कारकून होते. सगळ्यांत मी एकटीच बाई. जुन्या रेकॉर्डींचा नाद असलेल्या पुरुषांच्या बायका त्या रेकॉर्डींना सवत म्हणतात हे मी दहा घरांत ऐकलं आहे. आमच्या घरी उलटा संसार होता. माझे यजमान पाहुण्यांना सांगत, 'हिच्या सवतीला हात लावू नका हं, ती हिचीच सवत आहे.' ह्या विनोदाचा अर्थ त्यांनाही नीट लागला नसावा, पण पाहुणे हसायचे.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. दर दोन-तीन महिन्यांनी ते स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून सहा-आठ पानी अंक काढत आणि बुकपोस्टानं पाठवत. अंकाला नाव नव्हतं. आम्ही त्याला 'कागद' म्हणायचो. कागद आला का, कागदात काय आलंय, असं. फुलस्केप पानं, डाव्या कोपऱ्यात टाचणी. आज माझ्याकडच्या प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात गंजाचा एक तपकिरी ठिपका आहे, आणि सगळ्या अंकांवर तो जवळजवळ एकाच जागी आहे. काका टाचणीसुद्धा मोजून लावत असणार.

तेव्हा असं वेड देशात बऱ्याच ठिकाणी होतं. कानपूरहून हरमंदिर सिंग 'हमराज' हिंदी चित्रपटगीतांच्या नादिष्टांसाठी 'लिस्नर्स बुलेटिन' काढत, आणि तेच पुढे 'हिंदी फिल्म गीत कोश'चे जाडजूड खंड करून बसले. १९९० मध्ये मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी रेकॉर्डसंग्राहकांची संस्था काढली आणि तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' निघू लागलं. त्यापुढे आमचा कागद म्हणजे मांडवाबाहेरची पंगत. पण आमच्या पंगतीत वाढपी फार काटेकोर होता.

कागदात गाण्याबद्दल जवळजवळ काहीच नसे. कोणती तबकडी, दोन्ही बाजूंना काय, लेबलाचा रंग कोणता, लेबलाजवळ दाबून उमटवलेला क्रमांक काय, सोबत पेटी आहे की सारंगी. कुणी उत्साहात 'अलौकिक', 'दैवी' असं काही लिहून पाठवलं, तर काका ते स्टेन्सिलवर चढूच देत नसत. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "अगं पोरी, विशेषणं ज्याची त्यानं घरी वापरावीत. कागदात नंबर द्यावा."

आणि शेवटच्या पानावर शुद्धिपत्र. ते कधी पाऊण पानापेक्षा कमी नसे. मागल्या अंकात अमक्या बाजूचा ताल चुकला आहे, तमक्या रागाचं नाव चुकलं आहे, फोंड्याच्या मास्तरांनी मोजलेली मिनिटं चावी नीट न दिलेल्या ग्रामोफोनवरची असल्यानं ग्राह्य धरू नयेत. चूक स्वतः काकांची असली तर खाली बारीक अक्षरात 'संपादकाने दोन दिवस चहा सोडला आहे.' मी कागद हातात पडला की मागून वाचायला सुरुवात करत असे. एकमेकांना न भेटलेली माणसं एकमेकांच्या चुका इतक्या मायेनं काढत होती, की आपलंही नाव कधीतरी तिथं यावं म्हणून मी मुद्दाम एक चूक केल्याचं आठवतं. काकांनी ती ओळखली आणि छापली नाही.

तर खोकल्याचं प्रकरण. बेळगावच्या डॉक्टरांकडे केसरबाईंच्या मालकंसाची एक स्पूल होती, दादरकरांकडे दुसरी. दोघांचं म्हणणं, आपली बैठक वेगळी. ऐकताना वेगळी वाटायचीही. दादरची टेप जवळजवळ अर्ध्या सुरानं चढी, आवाज तरणा, ताना सपासप. बेळगावची भारदस्त, संथ, प्रत्येक स्वर ओझ्यासकट उचललेला. डॉक्टर लिहीत, माझी उतारवयातली, पण काय पोक्तपणा आहे! दादरकर लिहीत, माझी ऐन उमेदीतली. दोन्ही पत्रांतली विशेषणं काकांनी अर्थातच कापली.

मग त्यांनी दोन्हींच्या कॅसेटी मागवून घेतल्या. जुन्या टेपच्या तळाशी विजेचा एक घूं असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते. तिचा गुणगुणाट यंत्रात शिरतो आणि गाण्याबरोबर टेपवर उमटतो. पुढं कुणाच्या यंत्रावर टेप जलद चालली की गाणं चढतं आणि घूंही तेवढाच चढतो. गाणारीची पट्टी कोणती होती ते टेप विसरली, तरी विजेची पट्टी तिला आठवत असते. काका आपल्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा घूं आणि टेपमधला घूं शेजारी शेजारी ठेवून ऐकत, तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवाव्यात तसे, आणि कॅसेट प्लेअरच्या मोटरचा स्क्रू केसभर पिळत. आठ दिवसांनी दोन्ही टेपा एका सुरात आल्या. एका सुरात आल्यावर दोन्हींत एकाच वळणावर तोच खोकला निघाला.

पुढल्या कागदाच्या शुद्धिपत्रात एवढंच आलं: 'मालकंसाच्या बैठका दोन नसून एक. पुरावा खोकला.' त्या एका ओळीनं आमच्याकडून केसरबाईंची एक अख्खी बैठक काढून घेतली. उमेदीचा आवाज गेला, उतारवयातला पोक्तपणाही गेला. राहिला तो मधलाच कुठलासा, ज्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. दादरकरांना बरेच दिवस वाईट वाटत होतं. डॉक्टरांनी मात्र खेळकरपणे खोकल्याचं निदान पाठवलं: घशाचा आहे, छातीचा नाही, तंबाखू सोडावा.

गंमत अशी, की ज्या बाईंसाठी हा सगळा खटाटोप, त्यांना तो रुचला नसता.

केसरबाईंचा जन्म १८९२ चा, गोव्यातल्या केरीचा. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडे थोडी तालीम, मग रामकृष्णबुवा वझ्यांकडे, भास्करबुवा बखल्यांकडे, अशी तुटक तुटक. अखेर १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेब, ते १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत. म्हणजे नाव झाल्यावरही तालीम चालूच. पंचवीस वर्षं एका गुरूपुढे बसून जे मिळवलं ते बाई जपून वापरत. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ. एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट ह्या कंपन्यांना मोजक्याच तबकड्या दिल्या, बस. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जाहीर गाणंही थांबवलं. धोंडूताई कुलकर्णींसारखी शिष्या मिळाली तेवढीच. खुद्द खाँसाहेबांचं तर एकही मुद्रण नाही. ह्या जयपूर घराण्यात गाणं कपाटातल्या दागिन्यांसारखं. घरच्या सुनेलाही किल्ली सहजी मिळायची नाही. कुणी आडून ऐकून चीज उचलील, ही धास्ती त्यांच्या काळात खोटी नव्हती.

आणि आम्ही काय करत होतो? बैठकीत कुणीतरी चोरून किंवा नजर चुकवून, क्वचित परवानगीनंही, उतरवून घेतलेली गाणी पोस्टानं सांगली-बेळगाव-दादर-फोंडा-पुणे फिरवत होतो. चोरी म्हणा हवं तर. मी तेव्हा म्हणत नव्हते.

काका मात्र म्हणत. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर, तारखेखाली, एक ओळ ठरलेली असे: 'बैठकीचे मुद्रण ऐकताना दार लावून घ्यावे.' मला वाटायचं, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. एकदा सांगलीला गेले असता विचारलं. काकू थालीपीठ लावत होत्या. काका म्हणाले, "बाईंना आपण विचारलंय का? नाही ना? मग निदान दार तरी लावावं." त्यांचे आणखीही नियम होते. कॉपीचे पैसे घ्यायचे नाहीत, कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पुरे. चारांपेक्षा जास्त माणसांत वाजवायचं नाही. तबकडी मात्र बाईंनी स्वतः राजीखुशीनं दिलेली, ती खुशाल खिडकी उघडून लावावी.

तबकड्यांचं माझं वेड टेपांपेक्षा जुनं. साडेतीन मिनिटांत राग सांगायचा म्हणजे पाहुण्याला दारातच हळदीकुंकू देऊन वाटेला लावण्यासारखं. बहुतेक गवई त्या घाईत उंबऱ्यावरच अडखळतात. केसरबाईंचा ककुभ बिलावल ऐका, नट-कामोद ऐका. घाई कुठं दिसत नाही. मोकळा, खणखणीत आकार पहिल्या क्षणाला पूर्ण उघडतो, तान सुटते तेव्हा दम कुठं घेतला ते कळत नाही, आणि पिन शेवटच्या रेषेत घसरते तेव्हा आपल्यालाच वाटतं की उठायला उशीर केला. माझं एक मत आहे, ते कागदात छापून आलं नाही. बाईंचं तबकडीतलं गाणं टेपांतल्या गाण्याहून सरस आहे. तिथं त्यांना ठाऊक आहे की हे राहणार आहे.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. नटबोल्ट, पितळी कुलपं, कुणाच्या तरी लग्नातले फोटो, आणि अधूनमधून रेकॉर्डींचा गठ्ठा. बुधवारी मी बँकेतून अर्धी रजा टाकायची. 'ताई, भजनं आहेत, भजनं,' म्हणून बाजारवाला गठ्ठा पुढं ढकलायचा आणि मी चेहरा कोरा ठेवून भजनंच शोधत असल्यासारखी एकेक पाकीट सरकवायची. तीन वर्षांत तिथं मला बाईंच्या दोन मिळाल्या. दुसरी ब्रॉडकास्टची होती, आणि तिचं काय झालं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही.

तिच्यावर बुरशी होती. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि हलक्या हातानं गोल गोल पुसलं. बोळा काळा झाला. मळ निघतोय म्हणून दुसरा घेतला, तोही काळा. तिसऱ्या बोळ्याला यजमान मागून म्हणाले, "अगं, काय करतेयस?" त्यांना सुतारकामाची हौस. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचं पॉलिश ते दर दिवाळीला करायचे. जुन्या तबकड्या लाखेच्याच. लाख, दगडाची भुकटी, काजळी. म्हणजे बोळ्याला लागलेलं काळं मळ नव्हतं. वाजवून पाहिली तर दूर कुठंतरी, पावसात पत्र्याखाली उभं राहून गावं तसं काहीतरी ऐकू आलं. मी ती घटना कागदाला कळवली. शुद्धिपत्रात एक ओळ आली: 'पुण्याकडील नोंद रद्द समजावी. तबकडी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, लेबल भिजवू नये.' नाव छापलं नव्हतं. ती ओळ वाचून मला रडू आलं. काकांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी नियम मोडला होता. एरवी चुकीखाली नाव असायचं.

१९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली, आणि तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. भाषणांत त्याच्यावर टाळ्या पडतात. मला त्या कहाणीतला दुसराच भाग प्यारा आहे. रॉबर्ट ब्राउन ह्या संगीताभ्यासकांनी ही भैरवी सुचवली खरी, पण निवड करणाऱ्या मंडळींना तिची प्रतच मिळेना. दुसरं काही घ्या, असं सगळे म्हणायला लागले. शेवटी अ‍ॅन ड्रुयन ह्यांना न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या तपकिरी खोक्यात ती सापडली. तीन प्रती, न उघडलेल्या. नासा असो की पुण्यातली कारकून, अखेर टेबलाखाली वाकावं लागतंच. हे वाचलं त्या रात्री मला हेवा वाटला तो ग्रहताऱ्यांचा नव्हे, त्या खोक्याचा. तीन प्रती! तिन्ही कोऱ्या! काकांना फोन केला तर ते म्हणाले, "क्रमांक दिलाय का?"

५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. ती तबकडी वाजवायची तर मिनिटाला साडेसोळाहून किंचित जास्त फेऱ्यांनी फिरवावी लागते. तिच्यासाठी दार लावून घेणारं तिकडं कुणी नाही.

काका गेले तेव्हा काकूंनी मला निरोप धाडला, खोकी घेऊन जा म्हणून. मी टेम्पो करून गेले. कॅसेटींवर जांभळ्या शाईत त्यांचं अक्षर. मालकंसाच्या कॅसेटीवर राग, पट्टी वगैरे काही नव्हतं, नुसतं 'केसर. खोकला.' अखेरच्या कागदाचं स्टेन्सिल अर्धं कापलेलं सापडलं. त्यात शुद्धिपत्र आधी कापून ठेवलं होतं, पुढची पानं राहून गेली होती.

आता हे सगळं मी संगणकावर चढवते. पडद्यावर आवाजाच्या रेषा उमटतात, खोकला एखाद्या काट्यासारखा वर आलेला दिसतो. नातवानं दाखवलं, दोन बटणं दाबली की तो काढता येतो. काढला तर तिथं काय राहतं ते पाहिलं. काही नाही, एक पोकळ फुगा. पुन्हा होता तसा ठेवून दिला.

आणि नियम मोडायची पाळी माझ्यावर आली. वरच्या मजल्यावर कोल्हापूरकडची एक मुलगी भाड्यानं राहते, जयपूर गायकी शिकते. जिन्यात भेटली की वाकून नमस्कार करते. एक दिवस दारात उभी. "मावशी, तुमच्याकडे बाईंच्या बैठकी आहेत म्हणे?" मी आधी नाही म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा आली, सोबत आईनं धाडलेले डिंकाचे लाडू. मी तिला घरात बसवून ऐकवायचं ठरवलं, एकदा, दार लावून. ती पाठ ताठ करून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत ऐकत बसली आणि संपल्यावर तिला बोलता येईना. मी उठले आणि पेन ड्राइव्हवर घालून दिलं.

म्हणजे बाईंना ज्याची धास्ती होती नेमकं तेच केलं. कुणा अनोळखी मुलीच्या हातात त्यांची तान ठेवली, न विचारता, न शिकवता. रात्री झोप लागली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. चांगली लागली.

चार महिन्यांनी गच्चीत कोजागिरीला तिनं मालकंस गायला. वीसेक माणसं, मसाल्याचं दूध, डास. आवाज अजून कच्चा, पण आकार मोकळा. ती तान आली तेव्हा मी ओळखली. चढली, वळायला लागली, आणि वळणावर मुलगी थांबली. अर्धा क्षण. कुणाला कळलंही नसेल, दम घेतला म्हणाले असते. मग पलीकडून तान पुढं निघाली.

गाणं झाल्यावर ती पाया पडायला आली. मी विचारलं, "तिथं मध्येच का गं थांबलीस?"

"तिथं बाई काय घेतात ते ऐकूच येत नाही ना, मावशी," ती म्हणाली. "मग आपल्या मनचं कशाला घालायचं? तेवढी जागा मी सोडते."